पडलेला दात, उरलेली खोबण आणि लेकराचा आजार

१/ डेन्मार्कमधील नेस्टवेड गावाजवळ मध्ययुगात सेंट यॉर्गन या संताच्या नावाचे एक कुष्ठालय होते. साधारण १२५० ते १५५० या तीनशे वर्षांत तेथे जे रुग्ण मरण पावले, ते तेथल्याच दफनभूमीत पुरले गेले. त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. मात्र त्यांच्यापैकी काहींना हा रोग मोठेपणी नव्हे, तर बालपणीच जडला होता, आणि साधारण कितव्या वर्षी त्याने जोर धरला होता, हे आज सांगता येते. ही साक्ष देतात वरच्या जबड्यातील पटाशीचे दात. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ सांगाड्यातील दात नाहीसा दिसला म्हणजे तो आजाराने पडला, असे मानण्याचा मोह सर्वांनाच होतो. संग्रहालयातील कवटीकडे पाहून ‘बिचाऱ्याचे दात पडले होते’ असे आपण सहज म्हणून जातो. बहुतेक वेळा ते चुकीचे असते. पटाशीच्या दातांना एकच मूळ असते, तेही निमुळते. हिरडी कुजली, खोबणीतील तंतू विरले, की मातीच्या हालचालीने किंवा खोदणाऱ्याच्या हातानेही असा दात अलगद निसटतो. तो माणूस दातांसकट जगला आणि दातांसकट मेला. दात गेला तो नंतर, कधी कधी चारपाचशे वर्षांनंतर.

३/ म्हणून अस्थितज्ज्ञ आधी दाताकडे नव्हे, तर दाताच्या रिकाम्या घराकडे पाहतो. जबड्यातील ज्या खळग्यात दात बसतो तिला खोबण म्हणू. मृत्यूनंतर दात गळला असेल तर खोबणीचे काठ धारदार राहतात, आतल्या भिंती स्वच्छ दिसतात आणि मुळाचा साचा जसाच्या तसा उमटलेला असतो. जिवंतपणी दात पडला असेल तर शरीर ती जागा बुजवू लागते. काही आठवड्यांत खोबणीत जाळीदार नवे हाड धरते, काठ बोथट होतात, आणि काही महिन्यांत तेथे कधी दात होता याची खूणही पुसट होते.

४/ भरलेली खोबण म्हणजे दात पडल्यावरही माणूस काही काळ जगला. ही साधी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे. उलट, मृत्यूच्या आठदहा दिवस आधी पडलेला दात आणि मृत्यूनंतर पडलेला दात यांच्या खोबणी जवळजवळ सारख्याच दिसतात. तेथे प्रामाणिक अभ्यासक निदान करत नाही.

५/ मुलांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण मुलांचे दात पडायचेच असतात. दुधाचे दात वीस. खालचे पुढचे दोन सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, सुळे आणि मागच्या दाढा नवव्या ते बाराव्या वर्षांपर्यंत टिकतात. पडण्यापूर्वी त्यांची मुळे खालून वर येणाऱ्या कायमच्या दातामुळे झिजत जातात. म्हणूनच पडलेला दुधाचा दात हातात घेतला तर तो नुसत्या टोपीसारखा दिसतो. आपल्याकडे तो कौलांवर भिरकावण्याची रीत आहे. (त्यामुळे वेळेवर पडलेला दात थडग्यात सापडत नाही. पुरातत्त्वज्ञाला तो हवा असेल तर छपरावर शोधावा लागेल!)

६/ तेव्हा ‘अकाली’ कशाला म्हणायचे? त्यासाठी मुलाचे वय ठाऊक हवे आणि ते मोजायचे साधनही पुन्हा दातच. जबड्याच्या आत, अजून न उगवलेल्या कायमच्या दातांची जडणघडण ठराविक क्रमाने होत असते. आधी टोकाकडचा भाग, मग मान, मग मूळ. क्ष-किरणांत हे सर्व दिसते. कुपोषणाने हाडांची वाढ मागे पडते, तशी दातांची फारशी पडत नाही. म्हणून तीन वर्षांच्या उपाशी लेकराचे हाड दोन वर्षांचे दिसेल, पण दात बहुधा तीनच वर्षे सांगेल.

७/ समजा, दातांच्या घडणीवरून मूल तीन वर्षांचे ठरले, खालच्या पुढच्या दोन दातांच्या खोबणी भरत आलेल्या आहेत आणि खालून येणारा कायमचा दात अजून कितीतरी खोल आहे. म्हणजे दात तीन वर्षे आधी पडले. आता पुढचा प्रश्न: कशाने?

८/ पहिले कारण अगदी साधे, पडझड. चालायला शिकणारी मुले तोंडावर आपटतात. एकच दात, एकाच बाजूचा गेला असेल आणि शेजारचे हाड निरोगी असेल, तर आजाराचा शोध तेथेच थांबवावा. सनसनाटी निदानांच्या आजच्या काळात हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावेसे वाटते.

९/ दुसरे कारण दुर्मीळ, पण तर्कदृष्ट्या फार देखणे. कॅनडातील बालरोगतज्ज्ञ रॅथबन यांनी १९४८ साली एका आजाराला नाव दिले, हायपोफॉस्फटेशिया. यात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर जन्मतः अपुरे असते. दाताच्या मुळाला जबड्याशी सांधणारा सिमेंटम हा पातळ थर नीट तयार होत नाही. परिणामी दुधाचा दात हिरडीला सूज नसताना, वेदना नसताना, पाच वर्षांच्या आतच गळतो, आणि गळतो तो अखंड मुळासकट. वेळेवर पडलेल्या दाताचे मूळ झिजलेले असते, या दाताचे नसते. थडग्यातील मातीत तीन वर्षांच्या मुलाच्या सांगाड्याजवळ पूर्ण मुळाचा दात सापडला आणि जबड्यातील त्याची खोबण मात्र भरलेली असली, तर तज्ज्ञाचे कान टवकारतात. तो दात कोणीतरी जपून ठेवून लेकराबरोबर पुरला असला पाहिजे.

१०/ तिसरे कारण स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. हिरड्या सुजून रक्त येणे आणि दात हलणे ही त्याची सर्वपरिचित लक्षणे. पण १८८३ साली लंडनचे थॉमस बार्लो यांनी तान्ह्या मुलांतील स्कर्व्हीचे जे वर्णन केले, त्यात एक बारकावा आहे. हिरड्यांचा बिघाड दिसतो तो दात आलेल्या जागी. ज्या बाळाला दात आलेलेच नाहीत, त्याच्या हिरड्या जवळजवळ शांत असतात. म्हणजे सात महिन्यांच्या बाळाच्या जबड्यावरून स्कर्व्ही शोधणे व्यर्थ. तेथे कवटीच्या बाजूला, डोळ्यांमागच्या पाखराच्या आकाराच्या हाडावर सूक्ष्म छिद्रांची नक्षी शोधावी लागते. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड ऑर्टनर यांनी हा निकष रूढ केला. चावण्याचा स्नायू त्या हाडाला लागून असतो, दुबळ्या रक्तवाहिन्या चावताना फुटतात आणि शरीर तेथे नव्या वाहिन्यांसाठी हाडात वाटा पाडते.

११/ बार्लोच्या काळी हा आजार गरिबांपेक्षा सुखवस्तू घरांत अधिक आढळू लागला होता. कारण आईच्या दुधाऐवजी तेथे डबाबंद शिशुआहार आणि खूप उकळलेले दूध आले होते. उकळण्याने जंतू मेले आणि जीवनसत्त्वही गेले.

१२/ चौथे कारण सर्वांत अस्वस्थ करणारे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात दात येताना किरकिरणाऱ्या बाळांना ‘टीदिंग पावडर’ दिली जात असे. तिच्यात कॅलोमेल असे, म्हणजे पाऱ्याचा क्षार. काही मुलांचे हातपाय गुलाबी पडत, कातडी सोलली जाई, उजेड सहन होत नसे, केस आणि दात गळत. या आजाराला ‘पिंक डिसीज’ म्हणत. कारण कोणी जंतूत शोधले, कोणी आहारात. १९४८ साली वॉरकनी आणि हबर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी अशा मुलांच्या लघवीत पारा दाखवून दिला. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमधील उत्पादकांनी चूर्णातून कॅलोमेल काढले आणि काही वर्षांत आजारच विरळ झाला. दात सुखाने यावेत म्हणून दिलेल्या औषधाने दात गेले. त्या काळातील लेकराच्या अस्थींत दात अकाली गळलेले दिसले, तर निदानाच्या यादीत आजाराबरोबर औषधही धरावे लागते.

१३/ आता नेस्टवेडकडे वळू. विल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सन हे पेशाने डॉक्टर. छंद म्हणून त्यांनी १९३५ पासून एबेलहोल्ट येथील जुन्या मठाची दफनभूमी खोदायला घेतली. त्या काळचे उत्खनक कवट्या तेवढ्या उचलून बाकी हाडे टाकून देत. या डॉक्टरांनी मात्र प्रत्येक सांगाडा जागेवरच ब्रशने मोकळा करून, बोटांची हाडेसुद्धा वेगळी राखून उचलण्याची शिस्त पाळली. एबेलहोल्टच्या अस्थींत त्यांना कुष्ठरोगाचा संशय यावा असा एक सांगाडा भेटला, आणि पुरेसे कुष्ठरोगी एकाच ठिकाणी कोठे मिळतील या शोधात ते १९४८ साली नेस्टवेडच्या कुष्ठालयापर्यंत आले. पुढची वीस वर्षे तेथे खोदकाम चालले. साडेसहाशेच्या आसपास सांगाडे निघाले.

१४/ त्यांतल्या कवट्यांत एकच नमुना पुन्हा पुन्हा दिसत होता. नाकाच्या तळाशी पुढे येणारे हाडाचे छोटे टोक झिजून गेलेले. वरच्या जबड्याचा पुढचा काठ, जेथे पटाशीचे चार दात बसतात, मागे सरकलेला. टाळूचे हाड खडबडीत. आणि पटाशीचे दात सुटलेले किंवा सुटण्याच्या बेतात. मागच्या दाढा मात्र बहुधा जागच्या जागी. या त्रयीला त्यांनी ‘फॅसिएस लेप्रोसा’, म्हणजे कुष्ठरोगी चेहरा, असे नाव दिले. १९५३ मध्ये त्यांचे नेस्टवेडच्या दहा रुग्णांवरील पुस्तक आले, १९६१ मध्ये हाडांतील बदलांवरील.

१५/ नेमके तेच दात का? १८७३ साली नॉर्वेच्या बर्गेन शहरात गेऱ्हार्ड आर्मोअर हॅन्सन यांनी ज्याला ओळखले, तो कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढणे पसंत करतो. श्वासाची हवा ज्या वाटेने आत येते ती नाकाची पोकळी त्याला मानवते, आणि पटाशीच्या दातांची मुळे याच पोकळीच्या तळाला अगदी लागून असतात. जबड्याच्या मागच्या उबदार भागात त्याचे फारसे चालत नाही. साध्या हिरड्यांच्या रोगात दाढाही हलतात. येथे तसे नसते. म्हणून किती दात गेले यापेक्षा कोणते गेले, हा प्रश्न मोलाचा.

१६/ एवढ्याने रोग ओळखता आला, पण वय नाही. ती पायरी गाठली ती १९७० च्या सुमारास, डॅनियलसन या डॅनिश संशोधकाने. मध्ययुगीन सांगाड्यांतील पटाशीचे दात तपासताना त्यांना काही दातांची मुळे विचित्र दिसली. मूळ नेहमीसारखे सुरू होते, मग एका पातळीवर चहूबाजूंनी आवळल्यासारखे बारीक होते आणि आखूडच राहते. एखाद्या रोपाच्या खोडाला दोरी बांधून ठेवावी तसे. या विकृतीला ‘लेप्रोजेनिक ओडोंटोडिस्प्लेशिया’ म्हणतात.

१७/ पूर्ण वाढ झालेले मूळ नंतर असे आवळत नाही. मूळ घडत असतानाच काही विपरीत झाले तरच हे घडते. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचा टोकाकडचा भाग चौथ्या-पाचव्या वर्षी पुरा होतो, दात सातव्या-आठव्या वर्षी उगवतो आणि मूळ दहाव्या वर्षाच्या आसपास संपूर्ण होते. मुळाच्या मध्यावर आवळण असेल तर रोगाने जोर धरला तेव्हा मूल सातेक वर्षांचे होते. मानेपाशी असेल तर पाचाच्या आसपास. माणूस पुढे तिशीत मेला असला तरी दाताने ते वर्ष धरून ठेवलेले असते. हाड आयुष्यभर स्वतःला बदलत राहते, दात तसा बदलत नाही.

१८/ आता यात कुष्ठरोगाचा स्वभाव मिसळा. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. सातव्या वर्षी ज्याचे मूळ आवळले, त्याला जंतू बहुधा रांगत्या वयात मिळाला. आणि हा रोग सहज लागत नाही, दीर्घ निकटचा सहवास लागतो. रांगत्या मुलाचा असा सहवास कोणाशी असतो? ज्याच्या मांडीवर ते वाढते त्याच्याशी. कागदोपत्री जे कुटुंब कोठेच नाही, त्याची एवढी वार्ता दाताच्या एवढ्याशा मुळात राहिली.

१९/ येथेच या पुराव्याची सर्वांत मोठी अडचण आहे. आखूड आणि आवळलेल्या मुळाचा दात मुळातच कच्चा बसलेला, त्यात भोवतालचे हाड झिजत गेलेले. म्हणजे बालपणाची साक्ष देणारा दातच सर्वांआधी गळतो. तो गेला की उरते ती भरलेली खोबण. ती रोगाविषयी बोलते, वयाविषयी नाही. निदान होते ते मृत्यूच्या वेळी अजून न पडलेल्या, हलत्या दातावरून. म्हणून अशा सांगाड्यांची मोजदाद करून ‘इतक्या मुलांना कुष्ठरोग झाला होता’ असे म्हणता येत नाही. खरा आकडा नेहमी त्याहून मोठाच असणार.

२०/ दुसरी मर्यादा १९९२ साली वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिला ‘अस्थिशास्त्रीय विरोधाभास’ म्हणतात. हाडावर खूण उमटायला वेळ लागतो, आणि वेळ त्यालाच मिळतो जो तग धरतो. गोवराने किंवा पटकीने चार दिवसांत गेलेल्या मुलाचा जबडा पूर्ण निरोगी दिसेल. भरलेल्या खोबणींचे मूल आपल्याला आजारी दिसते, पण त्या दफनभूमीतील चिवट मुलांपैकी ते एक होते. दात गेल्यावरही कोणीतरी त्याला मऊ घास भरवत होते, हेही त्यात आले.

२१/ हे सारे महत्त्वाचे का, याचे एक ठोस उत्तर आहे. मध्ययुगातील कुष्ठालयांत खरे कुष्ठरोगी थोडेच होते, बाकी खरूज, इसब, उपदंश असे काहीही झालेले लोक अज्ञानाने तेथे ढकलले जात, असे मत विसाव्या शतकात प्रचलित होते. नेस्टवेडच्या अस्थींनी ते मत डळमळीत केले. तेथे पुरलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा होत्या. सूक्ष्मदर्शक नसताना, जंतूची कल्पनाही नसताना, त्या काळच्या लोकांनी केवळ चेहरा, आवाज आणि कातडीची बधिरता पाहून केलेले निदान पुष्कळ अंशी बरोबर होते. ज्यांना आपण अडाणी समजत होतो ते निरीक्षणात कमी नव्हते.

२२/ उलट, जाणत्यांचीही फसगत होते. जन्मजात उपदंशाच्या मुलांचे पटाशीचे दात खाचदार असतात हे ओळखणारे जोनाथन हचिन्सन हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत निदानतज्ज्ञ. आजही ते दात त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पण हेच हचिन्सन कुष्ठरोग नासके मासे खाल्ल्याने होतो या मतावर अखेरपर्यंत ठाम होते. जंतू सापडून तीसेक वर्षे झाल्यावर, १९०६ साली, त्यांनी त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. मासळीवर जगणाऱ्या आमच्या कोकणाने त्यांना काय उत्तर दिले असते, याची कल्पना करवत नाही.

२३/ आज जंतूचा आनुवंशिक मागोवाही घेता येतो. डेन्मार्कच्याच ओडेन्स शहरात सेंट यॉर्गनच्या नावाचे आणखी एक कुष्ठालय होते. तेथील एका सांगाड्याच्या दातातून २०१३ साली कुष्ठरोगाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि गेल्या हजार वर्षांत तो फारसा बदललेला नाही असे आढळले. युरोपातून रोग ओसरला, तो जंतू सौम्य झाल्यामुळे ओसरला असे म्हणण्याला त्यामुळे आधार राहिला नाही. ओडेन्सच्या दफनभूमीतही पुढे आवळलेल्या मुळांचे दात नोंदले गेले.

२४/ आपल्याकडचा धागा पुण्यात येऊन मिळतो. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांच्या पुढाकाराने उत्खनन झाले. तेथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. भारतातील या रोगाचा तो अतिप्राचीन अस्थिपुरावा मानला जातो. त्याचेही काही दात जिवंतपणी पडलेले होते. पण मध्यमवयीन माणसाचे दात पडायला हजार कारणे, म्हणून निदानाचा भार नाकाच्या कडांवर आणि वरच्या जबड्यावर ठेवला गेला. लेकराच्या जबड्यात जी खूण बोलकी असते, ती प्रौढाच्या जबड्यात मुकी होते.

२५/ आणि लेकरांच्या जबड्यांचा मोठा ठेवा महाराष्ट्रातच आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील लोकांनी आपली दगावलेली मुले घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरली. जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या मुलांच्या दातांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. वाढ खुंटल्याने दंतवल्कावर पडलेले खळगे त्यांनी मोजले, त्यांत दुधाच्या सुळ्यांवरील खळग्यांकडे विशेष लक्ष दिले. सुळ्याचे ते वल्क जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत घडते, म्हणजे खळगा त्या महिन्यांची नोंद ठेवतो.

२६/ पद्धतीच्या दृष्टीने या मडक्यांचा एक फायदा आहे. उघड्या खड्ड्यात पुरलेल्या बाळाचा सुटलेला दात उंदीर, मुळे आणि पावसाचे पाणी कोठल्या कोठे नेतात. मडक्यात तो बहुधा आतच राहतो. आतली माती बारीक चाळणीने चाळली, तर तांदळाच्या दाण्याएवढा, अजून मूळही न धरलेला दात हाती लागू शकतो. तो आणि त्याची जबड्यातील खोबण शेजारी शेजारी ठेवून पाहता आली, तरच तो केव्हा आणि कशाने सुटला हे विचारता येते.